शत्रूच्या चितेपाशी थांबलेलं महाकाव्य

२०१७ साली एमिली विल्सन यांनी प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘ओडिसी’चं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केलं आणि आधीच्या अनेक भाषांतरकारांनी ज्यांना घरकामाच्या बाया, दासी असं मऊ नाव दिलं होतं, त्यांना सरळ गुलाम म्हटलं. होमरच्या नायकांविषयीचा जुना वाद त्याने पुन्हा तापवला, आणि आता तो मराठी वाचणाऱ्यांपर्यंतही आला आहे. एक बाजू म्हणते, हे वीर म्हणजे शौर्य, स्वाभिमान आणि मैत्री यांचे मेरुमणी. मुलांना हेच वाचायला द्या. दुसरी म्हणते, गावं लुटणारे, बायका वाटून घेणारे, रुसून आपलीच माणसं मरू देणारे हे लोक. यांना इतकी शतकं डोक्यावर घेतलं हेच चुकलं. आपल्याकडे लगेच तिसरी बाजू उभी राहते : आमच्या रामाने पित्याच्या शब्दाखातर राज्य सोडलं, त्यांच्या ‘इलियड’मधल्या अकिलीसने एका बाईवरून सैन्य सोडलं. मला या तिन्ही बाजू एकाच जागी चुकलेल्या दिसतात. महाकाव्यातला नायक म्हणजे कवीने पुढे ठेवलेला कित्ता, हे तिघांनीही गृहीत धरलं आहे. मग भांडण उरतं ते कित्ता गिरवायचा की फाडायचा, एवढंच. माझं म्हणणं असं, की अकिलीस हा कित्ता नाहीच. मानावर उभ्या असलेल्या एका नीतीचा तो सर्वांत अस्सल माणूस आहे, आणि ती नीती शेवटच्या टोकापर्यंत पाळली तर माणसाचं काय होतं, हे कवीने त्याच्यावर दाखवलं आहे. होमरची नैतिक दृष्टी शोधायची असेल तर नायकाचा पराक्रम बाजूला ठेवून, कवी कुणाकडे किती वेळ बघत राहतो ते पाहावं लागतं.

घोळ शब्दापासून सुरू होतो. इंग्रजीतून आलेला ‘हीरो’ हा शब्द मूळ ग्रीक ‘हेरोस’वरून निघाला, पण वाटेत त्याच्यावर सद्गुणांचा मुलामा चढला. होमर हा शब्द लढणाऱ्या कुणालाही सहज लावतो. ‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात राजवाड्यात गाणारा आंधळा गायक देमोदोकस, त्यालाही तो ‘हेरोस’च म्हणतो. पुढच्या काळात ग्रीक गावांनी ज्या मृतांच्या नावाने बळी दिले तेही हेरोसच. त्यातला एक अस्तिपालिया बेटावरचा मुष्टियोद्धा क्लेओमेदिस. ऑलिंपियात त्याच्या हातून प्रतिस्पर्धी मेला, विजय काढून घेतला गेला, तो वेडापिसा होऊन गावी परतला आणि शाळेचा खांब ओढून त्याने सुमारे ६० मुलांच्या अंगावर छप्पर पाडलं. लोक दगड घेऊन मागे लागले तेव्हा तो अथीनाच्या देवळातल्या पेटीत शिरला. पेटी फोडली तर आत कोणीच नाही. डेल्फीच्या देवळात कौल लावला, तर उत्तर आलं : हा शेवटचा हेरोस, याच्या नावाने बळी अर्पण करा. पौसानियस या ग्रीक प्रवासलेखकाने ही हकिगत लिहून ठेवली आहे. आपल्याकडे वेशीवरच्या वीरगळाला शेंदूर लावताना, गुरं सोडवताना मेलेला हा माणूस घरी बायकोशी कसा वागत होता, असं कोणी विचारतं का? त्या मरणाने त्याच्यात एक ताकद आली आहे, तिच्यापुढे लोक वाकतात. मुलांनी त्याच्यासारखं व्हावं अशी त्यात अपेक्षा नसते.

या वीरांना बांधून ठेवणारी नीती मराठी वाचकाला परकी वाटू नये. तिचा मुख्य शब्द ‘तिमे’, म्हणजे मान. हा मान हातात देता येतो, मोजता येतो आणि चारचौघांत काढूनही घेता येतो. पोळ्याला कुणाचा बैल आधी, जत्रेत कुणाचा नारळ पहिला, यावरून ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या वैर चाललं, तिथल्या माणसाला ‘इलियड’चा, म्हणजे ग्रीकांनी ट्रॉय शहराला घातलेल्या वेढ्याच्या काव्याचा, पहिला सर्ग टीपेशिवाय कळेल. लुटीतून सरदाराला मिळणारा मानाचा वाटा म्हणजे ‘गेरास’. ग्रीक फौजेचा मुख्य राजा अगामेम्नॉन, त्याच्या वाट्याला अपोलो देवाच्या पुजाऱ्याची मुलगी आली. पुजारी खंडणी घेऊन सोडवायला आला तर त्याला हाकलून दिलं. अपोलोने छावणीत रोगाची साथ पाठवली. मुलगी परत करावी लागली, आणि आपला वाटा गेला म्हणून अगामेम्नॉनने अकिलीसचा वाटा उचलला. तो वाटा म्हणजे ब्रिसेइस नावाची बाई. अकिलीस भर सभेत म्हणतो, ट्रोजनांनी माझं काय बिघडवलं होतं? माझी गुरं नेली नाहीत, घोडे नेले नाहीत. तुझ्या आणि तुझ्या भावाच्या, मेनेलाओसच्या, मानासाठी मी इथे आलो. मानाच्या नीतीप्रमाणे त्याची बाजू शंभर टक्के खरी आहे. राजाने करार मोडला.

तो करार सर्वांत स्वच्छ शब्दांत सांगतो तो ट्रोजनांच्या बाजूने लढणारा लिसियाचा राजा सार्पेदोन. बाराव्या सर्गात तो मित्राला विचारतो : आपल्याला पहिलं आसन, मांसाचा चांगला तुकडा, भरलेला पेला का मिळतो? लोकांनी म्हणावं की हे पुढच्या फळीत उभे राहतात, म्हणून. आणि लगेच पुढे : ही लढाई टाळून आपण अजर-अमर झालो असतो तर मी पुढे गेलो नसतो, तुलाही पाठवलं नसतं, पण मरण हजार वाटांनी येतंच आहे, तर चल. यात रक्ताची हौस कुठे आहे? मरण टळत नाही हे ओळखून त्याच्या बदल्यात काही तरी मागे ठेवायचा हा व्यवहार आहे, आणि मागे उरणाऱ्या त्या गोष्टीचं नाव ‘क्लेओस’, लोकांच्या कानांवर पडत राहणारी कीर्ती. ‘क्लेओस आफ्थितोन’, म्हणजे न झिजणारी कीर्ती, हा शब्दप्रयोग अकिलीसच्या तोंडी आहे. ऋग्वेदात ‘श्रवस्’ आणि ‘अक्षित’ हे शब्द असेच जोडीने येतात, आणि ही जोडी ग्रीक जोडीची सख्खी बहीण आहे, हे जर्मन पंडित आडालबर्ट कून यांनी १८५३ मध्ये दाखवलं. ‘आमचे’ वीर आणि ‘त्यांचे’ वीर यांना दोन टोकांवर उभं करणाऱ्यांनी हे नातं विसरू नये. कीर्तीची ही भूक कुणा एकाच्या घरची नाही.

आता नवव्या सर्गात काय होतं ते पाहा. अकिलीस लढाई सोडून बसला आहे, ग्रीक हरत चालले आहेत, आणि अगामेम्नॉन भरपाई पाठवतो : सात तिवया, सोन्याची दहा वजनं, वीस कढया, बारा घोडे, लेस्बोसच्या सात बायका, स्वतःची मुलगी, सात गावं. सोबत निरोप, की त्याने माझ्यापुढे नमावं, कारण मी मोठा राजा आहे. निरोपे तिघे : ओडिसियस, फीनिक्स आणि अजॅक्स. त्यांतला ओडिसियस हुशार. यादी तो जशीच्या तशी सांगतो आणि हे शेवटचं वाक्य गाळतो. अकिलीसला ते न सांगताच ऐकू आलेलं असतं. तो म्हणतो, मागे राहणारा आणि जीव तोडून लढणारा, दोघांना वाटा सारखाच. भेकड आणि शूर यांना मान एकच. गुरंढोरं लुटून आणता येतात, तिवया मिळवता येतात. माणसाचा प्राण दातांच्या कुंपणाबाहेर गेला की तो लुटून आणता येत नाही, विकतही मिळत नाही. सार्पेदोनचा सगळा व्यवहार इथे कोलमडतो. त्या समाजातला सर्वांत मोठा वीर, त्याच समाजाच्या भाषेत, भर तंबूत विचारतो आहे, की मान आणि प्राण यांचा हा हिशेब कुठे जुळतो? होमरच्या वीरांवर आज जी सर्वांत कडक टीका होते, तिचा पहिला मसुदा खुद्द अकिलीसनेच मांडलेला आहे.

इथे अभ्यासकांकडून एक वजनदार आक्षेप येतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर एम. आय. फिन्ली आणि ए. डब्ल्यू. एच. ॲडकिन्स यांनी सांगितलं, की होमरच्या जगात ‘अरेते’ म्हणजे लढून यश मिळवण्याची कुवत. दया, न्याय, संयम यांना तिथे दुय्यम जागा, आणि म्हणून आजची नीती त्या माणसांवर लादू नये. हा आक्षेप मी हलका मानत नाही. ‘आगाथोस’ हा ग्रीक शब्द आपण ‘चांगला’ असा वाचतो तेव्हा फसतो. तिथे त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘कुलीन आणि लढवय्या’ असा असतो. पण म्हणून त्या जगाला दुसरी मोजमापंच नव्हती का? त्याच तंबूत अजॅक्स, तिघांतला सर्वांत साधा शिपाईगडी, मोजक्या ओळींत बोलतो : माणसं भावाच्या, मुलाच्या खुन्याकडूनसुद्धा भरपाई घेतात, खुनी गावात राहतो, आणि तू एका बाईपायी मन दगडाचं केलंस, आम्ही तुझ्या छपराखाली आलो आहोत, त्याची तरी लाज ठेव. इथला शब्द ‘आइदोस’. लाज, भीड, दुसऱ्याच्या नजरेची चाड, असं सगळं त्यात आहे. आणि गंमत नव्हे, फार महत्त्वाची गोष्ट ही, की अजॅक्सच्या बोलण्याने अकिलीस हलतो. ओडिसियसला त्याने सांगितलं होतं की उद्या सकाळी घरी निघतो. त्याला लहानाचं मोठं केलेल्या म्हाताऱ्या फीनिक्सला म्हणाला, सकाळी ठरवू. अजॅक्सला म्हणतो, ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर माझ्या गलबतांपर्यंत येईपर्यंत लढणार नाही. जाण्याची भाषा संपली. पुढे त्याचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस त्याला तोंडावर सांगतो, की तुझे आईबाप पेलेयस आणि थेटिस नसतील, करड्या समुद्राने आणि कड्यांनी तुला जन्माला घातलं असेल. शेवटच्या सर्गात तर अपोलो देवांच्या सभेत म्हणतो, याच्यातली दया मेली, याला लाज उरली नाही, हा मुक्या मातीची, म्हणजे मेलेल्या हेक्टरची, विटंबना करतो आहे. हे बोल कुणा आजच्या प्राध्यापकाचे नाहीत. अकिलीसवरचा निकाल कवितेच्या आतूनच येतो, देवाच्या तोंडून.

काही वाचक म्हणतात, अकिलीस सोडा, खरा नायक हेक्टर. घरादारासाठी लढणारा, बायकामुलांवर जीव असणारा. मलाही तो जास्त जवळचा वाटतो. पण त्यालाही होमर कित्ता होऊ देत नाही. सहाव्या सर्गात त्याची बायको अँड्रोमाकी त्याला तटावर गाठते. तिचा बाप आणि सात भाऊ अकिलीसने मारले. आता तूच माझा बाप, आई, भाऊ आणि नवरा, असं ती म्हणते. शिवाय एक व्यवहाराचा सल्ला देते : तट जिथे चढायला सोपा आहे त्या रानअंजिराच्या झाडापाशी फौज उभी कर. लष्करी दृष्टीने हा सल्ला टाकाऊ नाही. हेक्टरचं उत्तर काय? मला ट्रोजनांची आणि लांब पदराच्या ट्रोजन बायकांची लाज वाटते. तोच ‘आइदोस’. अजॅक्सच्या तोंडी जो शब्द माणसाला माणसांत परत बोलावत होता, तोच इथे हेक्टरला घराबाहेर, मरणाकडे ढकलतो. मग शिरस्त्राणाला घाबरून रडणारं तान्हं मूल, ते शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवणारा हसरा बाप. आणि मुलाला हातात घेऊन तो मागणं काय मागतो, तर याने शत्रूला मारून रक्ताळलेली लूट घरी आणावी आणि आईचं मन सुखवावं! इतक्या कोवळ्या क्षणीही त्या बापाला दुसरी भाषा येत नाही. बाविसाव्या सर्गात तटाबाहेर एकटा उभा असताना तो स्वतःशी बोलतो, की माझ्या हट्टाने मी माणसं घालवली, आता आत गेलो तर लोक काय म्हणतील. पळून जाता येत असतानाही तो लोकांच्या जिभेपायी थांबतो. यात अकिलीस दुष्ट आणि हेक्टर सुष्ट अशी वाटणी कुठे बसते? एकाच नीतीने दोघांनाही घेरलं आहे.

याच सहाव्या सर्गात विरोधकांच्या हातातलं सर्वांत धारदार हत्यार आहे, ते मी लपवणार नाही. अद्रेस्तोस नावाचा ट्रोजन मेनेलाओसचे गुडघे धरून जीवदान मागतो, मेनेलाओस विरघळतो, आणि अगामेम्नॉन धावत येऊन म्हणतो : एकही वाचू नये, आईच्या पोटातला मुलगासुद्धा. त्यावर कवी, स्वतःच्या आवाजात, ‘आइसिमा’ हा शब्द वापरतो. त्याने योग्य तेच सांगितलं, असा त्याचा सरळ अर्थ. भाष्यकारांनी या शब्दाला खूप पीळ दिले. मला ते पटत नाहीत. शब्द तिथे आहे आणि तो टोचतो. पण तो सर्ग पूर्ण वाचा. अद्रेस्तोसच्या जेमतेम २०-२५ ओळी आधी अक्सिलोस मरतो. हा अरिस्बे गावचा सुखवस्तू माणूस, रस्त्याकडेला घर, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला जेवू घालणारा. कवी म्हणतो, त्या दिवशी त्या पाहुण्यांतला एकही त्याच्या आडवा आला नाही. नंतर ग्रीक दिओमेदिस आणि लिसियाचा ग्लाउकोस लढायला समोरासमोर येतात, आजोबांच्या काळी दोन्ही घरांत पाहुणचाराचं नातं होतं हे कळतं, आणि भर रणात हात मिळवून चिलखतं बदलून घेतात. आणि शेवटी, ज्याला आईच्या पोटातही सोडू नये असं म्हटलं होतं, तसाच एक मुलगा दाईच्या छातीला बिलगून बापाच्या शिरस्त्राणाकडे बघत रडतो. एकाच सर्गात हे सगळं शेजारी शेजारी ठेवणाऱ्या कवीला अगामेम्नॉनचा भाट म्हणणं मला जमणार नाही. त्याने राजाला त्याचा शब्द दिला, आणि त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते आपल्याला दाखवायला तान्हं मूल मांडीवर आणून ठेवलं.

थर्सायटीसच्या बाबतीत मात्र मी हात टेकतो. दुसऱ्या सर्गात हा सामान्य शिपाई सभेत उठून अगामेम्नॉनला लोभी म्हणतो. अकिलीसने आदल्याच सर्गात जे म्हटलं त्याहून फार वेगळं तो बोलत नाही. ओडिसियस त्याला राजदंडाने पाठीवर वळ उठेपर्यंत मारतो आणि सगळी फौज हसते. कवीने त्याला वाकड्या पायांचा, खुरट्या केसांचा रंगवला आहे. हसण्यात कवीही सामील आहे. सरदाराने म्हटलं तर स्वाभिमान आणि शिपायाने म्हटलं तर उद्धटपणा, ही त्या काव्याची मर्यादा आहे आणि तिच्यावर पांघरूण घालू नये.

‘ओडिसी’त ओडिसियसच्या घरातल्या बारा गुलाम मुलींचं काय, हा प्रश्न आणखी जड. ओडिसियसची बायको पेनेलोपी हिला मागणी घालायला आलेल्या १०८ जणांना मारल्यावर, त्यांच्याशी संबंध ठेवले म्हणून या मुलींकडून आधी प्रेतं उचलून घेतली जातात, रक्त पुसून घेतलं जातं, मग ओडिसियसचा मुलगा तेलेमाखोस त्यांना एका दोरावर ओळीने लटकवतो. तलवारीने मारा असं बापाने सांगितलं होतं; यांना स्वच्छ मरण नको, असं मुलगा ठरवतो. कवी याचा धिक्कार करत नाही. पण एक पाहण्यासारखं आहे. ‘ओडिसी’ हे नीतीच्या बाबतीत ‘इलियड’पेक्षा कितीतरी नीटनेटकं काव्य आहे. सुरुवातीलाच देवांचा राजा झ्यूस सांगतो, की माणसं देवांना दोष देतात, पण दुःख ओढवतं ते त्यांच्याच बेतालपणाने. चांगल्यांना फळ, वाइटांना शिक्षा, असा हिशेब तिथे लागतो. जे लोक मुलांसाठी कित्ता मागतात त्यांना हवं असलेलं जग ते हेच. आणि नेमक्या याच हिशेबी जगात बारा मुली दोरावर चढतात, कारण एकदा माणसांची बरे-वाईट अशी वाटणी झाली की वाइटांच्या रांगेत कुणाला ढकललं, हे कोणी पुन्हा तपासत नाही. ‘इलियड’मध्ये तशी वाटणीच नाही, म्हणून तिथे अकिलीसच्या क्रौर्यावर देवसुद्धा अस्वस्थ होतात. आदर्श नायक मागणाऱ्यांनी यावर थांबून विचार करावा. आणि तरीही, त्या दोरावरसुद्धा कवीची नजर हटत नाही : घरट्याकडे निघालेली पाखरं जाळ्यात सापडावीत तशा त्या मुली, पाय थोडा वेळ थरथरले, फार वेळ नाही. ज्यांना मारलं त्यांच्या पायांकडे शेवटपर्यंत कोण बघत होतं? मारणारे नव्हेत, कवी.

नायकाला कित्ता म्हणून वाचणाऱ्यांचा इतिहास लांब आहे, हेही मान्य. अलेक्झांडर उशाखाली खंजिरासोबत ‘इलियड’ ठेवायचा, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. इ. स. पू. ३३२ मध्ये गाझा जिंकल्यावर तिथल्या किल्लेदाराला त्याने रथामागे बांधून फरफटत नेलं, अकिलीसचा वारसा मिरवत, असं कुर्टियस या रोमन इतिहासकाराने लिहिलं आहे. ते जसंच्या तसं घडलं का यावर आजचे इतिहासकार शंका घेतात, पण वाचकाला ते शक्य वाटलं हेच पुरेसं आहे. म्हणूनच प्लेटोचा आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मुलं जे ऐकतात त्याचं अनुकरण करतात, असं म्हणून त्याने आदर्श राज्यातून होमरला चाळणी लावली. पण ती चाळणी काय काय काढून टाकते? ‘ओडिसी’त पाताळात भेटलेला अकिलीस म्हणतो, मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा भूमिहीन माणसाकडे मजुरी करणं बरं; ही ओळ काढा. अकिलीसचं मित्रासाठी रडणं काढा. हेक्टरचा बाप प्रायम याचं शेणात लोळणं काढा. अकिलीसने प्रेत फरफटवलं, हेही खरं मानू देऊ नका. म्हणजे पश्चात्तापही नको, रडणंही नको, क्रौर्यही नको; उरेल तो घासूनपुसून लख्ख केलेला शिपाई. प्लेटोला धोका बरोबर कळला होता. जो सैनिक ‘इलियड’ संपूर्ण ऐकेल त्याला शत्रूचा बाप दिसायला लागेल. अलेक्झांडरला काव्याने बिघडवलं असेल तर ते अर्धं वाचल्यामुळे. आणि आज होमरचे भक्त आणि होमरचे विरोधक तसंच अर्धं वाचताहेत. उलट, बॉस्टनमध्ये व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणाऱ्या जॉनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञाला आपल्या रुग्णांच्या बोलण्यात अकिलीस ओळखू आला : वरिष्ठाने केलेला विश्वासघात, जिवाभावाच्या सोबत्याचं मरण, आणि मग माणूसपण सुटल्यासारखं मारत सुटणं.

रामाशी तुलना करणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे, की तुलना महाभारताशी का करत नाही? मराठी वाचकाला ही वाट अनोळखी नाही. खांडववन जाळणाऱ्या कृष्णार्जुनांकडे भक्तीचा चष्मा काढून कसं बघायचं, हे इरावतीबाई कर्वे यांनी १९६७ मध्येच ‘युगान्त’मध्ये दाखवलं. झोपलेल्यांना कापणारा अश्वत्थामा आपल्याकडे आहे, आणि ‘इलियड’च्या दहाव्या सर्गात झोपलेल्या र्‍हेसोस राजाला कापणारा दिओमेदिस आणि त्याचा साथीदार ओडिसियस आहेत. रणभूमीवर प्रेतं ओळखत फिरणारी गांधारी इकडे, तटावरून आक्रोश करणाऱ्या हेक्टरची आई हेकाबी आणि अँड्रोमाकी तिकडे. महाभारतातली माणसं आदर्श नसूनही आपल्याला पुरतात. मग ग्रीकांकडून आदर्शच हवेत, हा हट्ट कशासाठी?

‘इलियड’चा पहिला शब्द ‘मेनिन्’, म्हणजे क्रोध. सुमारे १५,७०० ओळी, दोनशेहून जास्त माणसं नावानिशी मरतात. ट्रॉयचा पाडाव त्यात नाही, लाकडी घोडा नाही, अकिलीसचं मरणही नाही. पॅट्रोक्लस मेल्यावर अकिलीस आईला म्हणतो, मी गलबतांपाशी बसून राहिलो, भुईला भार. मराठीत जशी म्हण आहे तशीच ही ओळ मूळ ग्रीकमध्ये आहे. आणि त्याच दमात तो म्हणतो, देवांतून आणि माणसांतून हे भांडण नाहीसं व्हावं, आणि ठिबकणाऱ्या मधाहून गोड असा हा राग. एवढं कळूनही तो थांबत नाही. गुडघे धरणाऱ्या लिकाओन या प्रायमच्या मुलाला तो म्हणतो, मर मित्रा तूही, पॅट्रोक्लससुद्धा मेला, तो तर तुझ्याहून कितीतरी चांगला होता. पॅट्रोक्लसच्या चितेवर तो बारा ट्रोजन पोरांचा बळी देतो. हेक्टरला मारून दिवसचे दिवस फरफटवतो. मानाची नीती इथे संपते. तिच्यापाशी आता त्याला द्यायला काही उरलेलं नाही.

आणि मग रात्री म्हातारा प्रायम त्याच्या तंबूत येतो, गुडघे धरतो आणि ज्या हातांनी त्याची कितीतरी मुलं मारली त्या हातांचं चुंबन घेतो. तो म्हणतो, तुझ्या बापाला आठव. दोघेही रडतात, एक हेक्टरसाठी, दुसरा कधी बापासाठी, कधी पॅट्रोक्लससाठी. अकिलीस बदलून संत होत नाही. प्रायमने घाई केली तेव्हा तो ओरडतो, मला डिवचू नकोस. आणि हेक्टरचं प्रेत लांब नेऊन धुवायला सांगतो, कारण मुलगा दिसताच म्हातारा भडकेल, मग आपलाही तोल जाईल आणि आपण त्याला मारू, याची त्याला धास्ती आहे. स्वतःच्या रागाला असं ओळखून त्याच्यापासून दुसऱ्याला वाचवायची व्यवस्था करणारा हा माणूस पहिल्या सर्गात नव्हता. प्रेत तो स्वतः उचलून ठेवतो. जेवायला बसवतो; बारा मुलं गमावलेल्या नायोबीलासुद्धा शेवटी भूक आठवली, असं समजावतो. अंत्यविधीला किती दिवस हवेत ते विचारतो. प्रायम मोजून सांगतो : नऊ दिवस शोक, दहाव्याला दहन, अकराव्याला माती, बाराव्या दिवशी लढू, लढावंच लागणार असेल तर. काव्य हेक्टरच्या अंत्यविधीवर थांबतं, आणि तिथे त्याच्यासाठी रडणाऱ्यांत हेलेनही आहे, जिच्यापायी हे सगळं झालं असं लोक म्हणत. ती म्हणते, या घरात हेक्टर मला कधी वाकडं बोलला नाही.

त्या रात्रीची एक ओळ मी टाळू शकत नाही. ब्रिसेइस काव्यात एकदाच बोलते, एकोणिसाव्या सर्गात, पॅट्रोक्लसच्या प्रेतापाशी. नवरा आणि तीन भाऊ डोळ्यांदेखत मेले, नवऱ्याला अकिलीसने मारलं. तू मला रडू देत नव्हतास, नेहमी मायेने बोलायचास, असं ती म्हणते. तिच्याबरोबरच्या बायका रडू लागतात, आणि कवी सांगतो, निमित्त पॅट्रोक्लसचं, प्रत्येकीचं दुःख स्वतःचं. त्यानंतर ती गप्प होते. प्रायमला निजवून अकिलीस तंबूच्या सर्वांत आतल्या कोपऱ्यात झोपायला जातो. काव्यात तो आपल्याला दिसतो तो इथे शेवटचा. त्याच्या शेजारी ब्रिसेइस आहे. ती जागी आहे की झोपली आहे, हे कवीने सांगितलेलं नाही.